ओझेवालीच्या पाठीवरचे शिंपले

१

माझा भाऊ रडत होता, याचा अर्थ खोलीत प्रेक्षक होते. एकांतात तो आयुष्यात कधी रडलेला नाही; तिथे रडून उपयोग काय?

सकाळी मी चहासाठी खाली उतरले, तर तो आपल्या घरातल्याच शंख-संग्रहालयाच्या मधोमध फतकल मारून बसलेला. पुढ्यात रुमाल, रुमालात पांढऱ्या-तपकिरी ठिकऱ्या आणि भुगा. एका बाजूला त्याची बायको हातात फडकं घेऊन उभी, दुसऱ्या बाजूला त्याचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, आणि मुक्कामाला आलेले प्राध्यापक. सूनबाई जिन्याच्या तळाशी कठडा धरून उभी होती. तिच्या तोंडावरचा रंग पार उडाला होता.

"गेली," भाऊ म्हणाला. "ओझेवाली गेली."

ओझेवाली ही कुणी बाई नव्हे. ती एक समुद्री गोगलगाय, आणि तीही केव्हाच मेलेली. मागे उरला होता तिचा शंख. सूनबाई मासळी संशोधनाच्या प्रयोगशाळेत काम करते. खोल पाण्यात सोडलेल्या जाळ्यातून हा शंख तिच्या हाती आला आणि ही जात आजवर कुणी नोंदवलेली नाही, हे तिनं चिकाटीनं सिद्ध केलं. जातीला नाव द्यायचा मान तिचा. पण नाव टिकायचं तर ज्या शंखावरून ते दिलं तो कायमचा जपून ठेवावा लागतो. नुसत्या फोटोंना शास्त्रात कुणी विचारत नाही, आणि असा शंख सापडला होता एकच. दुसऱ्या दिवशी समारंभ होऊन प्राध्यापक तो मोठ्या संस्थेत ठेवायला नेणार होते. समारंभ आपल्याच संग्रहालयात व्हावा हा सासऱ्याचा हट्ट, म्हणून पोरीनं स्वतःच्या जबाबदारीवर तो प्रयोगशाळेतून घरी आणला. आता शंख गेला म्हणजे नाव गेलं, आणि बहुतेक नोकरीही.

भावाचं म्हणणं सरळ होतं. आदल्या संध्याकाळी शेवटची मोजमापं घेऊन सूनबाईनं खण उघडाच टाकला, खिडकीही उघडी टाकली, मांजर आलं, शंख खाली पडला. तो हे हुंदक्यांमधून सांगत होता आणि एकही हुंदका चुकीच्या जागी येत नव्हता. सूनबाई एवढंच म्हणाली, की खण तिनं बंद केला होता. ते ऐकायला कुणाला सवड होती?

मग त्यानं माझ्याकडे तोंड फिरवलं. "ताई, तू कस्टममध्ये होतीस. तूच काय ती चौकशी कर आणि प्रयोगशाळेला सांग, की यात संग्रहालयाचा काडीचाही दोष नाही."

मी उभी नोकरी बंदरावर लोकांच्या बॅगा उघडण्यात घालवली. माणसाच्या जातीविषयी माझं मत तिथेच पक्कं झालं आणि ते चांगलं नाही. तरी मी बरं म्हटलं. तेवढ्यात भाऊ उठला, रुमालाचं गाठोडं केलं, परसदारी गेला आणि कुंपणाच्या भिंतीवरून ते समुद्रात भिरकावून दिलं. जिथून आली तिथे जाऊ दे, म्हणाला. प्राध्यापकांनी हात पुढे केला होता, पण त्यांचं सगळंच जरा उशिरा असतं.

मी कुंपणापर्यंत गेलेच नाही. मी त्या खणाकडे बघत होते. खण होता कपाटात सगळ्यात खाली, माझ्या गुडघ्याला लागेल एवढ्या उंचीवर. आणि त्याच्या पुढ्यात काथ्याची जाडजूड चटई अंथरलेली होती.

२

गुडघ्याच्या उंचीवरून चटईवर बशी पडली तर टवका उडतो. भुगा होत नाही.

सगळे नाश्त्याला गेल्यावर मी खाली वाकले. वय झालेल्या बाईला वाकलेलं कुणी बघायला नको असतं, त्यामुळे हे काम मी निवांत करू शकते. कुलूप असं, की डोक्यातल्या पिनेनं उघडावं. तेव्हा किल्ली कुणाकडे होती हा प्रश्न मी सोडून दिला. कपाटाच्या मागच्या पायाशी, जिथे झाडू पोचत नाही तिथे, एक तुकडा सापडला. पांढऱ्या शंखाचा कपचा आणि त्यावर चिकटलेला शिंपला. शिंपल्याची फुगीर पाठ वर, तिच्यावर तपकिरी रेघांची सुरेख नक्षी. खोलगट बाजू आत दडलेली. मी तो पदराला बांधला.

मग संग्रहालय एकदा डोळे उघडून पाहून घेतलं. इतकी वर्षं मी ते टाळलं होतं. भिंतभर काचेची कपाटं, मखमलीवर ओळीनं मांडलेले शंख, शिंपले, कवड्या. सगळ्यांच्या चकचकीत पाठी बघणाऱ्याकडे. एकही कवडी उताणी नाही, एकही शिंपला पोटाकडून दिसत नाही. प्रत्येकाखाली पाटी, आणि पाटीवर शंखाच्या नावापेक्षा भावाचं नाव मोठं. गावातल्या एका वार्ताहराला दोन वेळा जेवू घालून त्यानं 'सागररत्न' ही पदवी मिळवली आहे. ती दारावरही आहे आणि बाथरूमच्या टॉवेलवरही.

दाराशी त्याचा अर्धपुतळा आहे, प्लास्टरचा. जिवंत माणसानं स्वतःचा पुतळा करून घ्यावा आणि तो येणाऱ्या-जाणाऱ्याच्या वाटेत ठेवावा, याला काय म्हणायचं ते मी त्याला तेव्हाच म्हटलं होतं. एरवी तो पुतळा थेट दाराकडे रोखून बघत असतो. आज मात्र कोपऱ्यातल्या छत्र्यांकडे बघत होता. मला वाटलं, घरात जे चाललंय ते पाहून प्लास्टरलाही लाज वाटली असेल.

हे सगळं बघताना मला आदल्या दिवशीचं दुपारचं जेवण आठवलं. सूनबाई ओझेवालीविषयी सांगत होती. ही गोगलगाय समुद्राच्या तळाशी सापडलेले रिकामे शिंपले, खडे, इतरांचे शंख उचलते, स्वच्छ करते आणि आपल्या शंखाच्या कडेला चिकटवते. एकेक शिंपला पक्का बसेपर्यंत तासन्‌तास धरून ठेवते. जन्मभर हेच. आणि शिंपला नेहमी उताणा लावते, खोलगट बाजू वर. का, ते कुणाला नक्की ठाऊक नाही. प्राध्यापकांनी त्यावर तीन तर्क मांडले, तिन्ही लांबलचक. भाच्यानं गंमत म्हणून ताटाच्या काठावर चमचे उताणे मांडून दाखवले. भावजय हातातली वाटी तशीच धरून ऐकत राहिली. भाऊ सुनेच्या आवाजावर आवाज चढवून मला सांगत होता, की कुठल्याशा मंत्र्यानं त्याचा हात दोनदा हातात घेतला.

दुसऱ्यांचं गोळा करून पाठीवर मिरवणारी ती गोगलगाय मला तेव्हा फारशी नवलाची वाटली नाही. तिच्या शेजारी बसून मी लहानाची मोठी झाले होते.

३

आधी भाचा. फाटकाशी त्याचं दुकान आहे. शिंपल्यांच्या चौकटीचे आरसे, शंखांचे दिवे, जे घरी नेल्यावर कुठे ठेवायचे हा प्रश्न पडावा अशा वस्तू. मुलगा वाईट नाही. फक्त वडिलांसमोर त्याचा कणा कुठे जातो ते कळत नाही. त्याच्याकडे कारण होतं. बायकोचं नाव झालं की तिची बदली मोठ्या शहरात होणार, आणि तिथे याचे आरसे कोण घेणार? हे त्यानं स्वतःच कबूल केलं. आपण तिला जाऊ नकोस म्हणालो होतो, पण शंखाला हात लावला नाही, असं तो जमिनीकडे बघत म्हणाला.

मग तक्रारीचा पाढा सुरू झाला. दुकानातला डिंक कुणीतरी उघडा टाकून वाळवला. एक मोठा पांढरा शंख गायब, आणि नक्षीदार शिंपल्यांची परडी अर्धी झालेली. घरातलं कुणीही येऊन काहीही उचलतं, म्हणाला. मी त्याचे आरसे बघत होते. प्रत्येक शिंपला उताणा, आणि खोलगटात एकेक खोटा मोती. ओझेवालीनं शाबासकी दिली असती.

प्राध्यापक गच्चीवर केस वाळवत होते, आहेत तेवढे. त्यांचं सगळं संशोधन विद्यार्थ्यांनी केलेलं असतं, हे त्यांच्या बोलण्यातूनच कळतं, कारण तपशील विचारला की ते आकाशाकडे बघतात. ही जात त्यांना स्वतःला मिळाली असती तर हवीच होती, हेही त्यांनी लपवलं नाही. मी तुकडा पदरातच ठेवून सहज विचारलं, शंख फुटल्याचं दुःख झालं का.

"बाई, मी तो नेणार होतो," ते म्हणाले. "आयता माझ्या हातात येणारा शंख मी कशाला फोडू?"

निर्लज्जपणात कधी कधी तथ्य असतं. मी त्यांना केस वाळवायला सोडलं.

भावजय परसात नळाखालच्या दगडाशी होती. हा तिचा दगड. संग्रहालयातला प्रत्येक शंख आधी या दगडावर आला. जिवंत गोगलगाय मरते आणि आत सडते, तेव्हा तो वास काय असतो हे मखमलीवर कळत नाही. उकळायचं, आकड्यानं मांस ओढून काढायचं, घासायचं, पुन्हा उकळायचं. तिच्या बोटांना तो वास कायमचा बसला म्हणून भाऊ तिला पाहुण्यांसमोर फार येऊ देत नसे. तिनं यावर कधी चकार शब्द काढला नाही, आणि खरं सांगायचं तर त्याचाही मला राग येतो. मूग गिळून बसणारी माणसं नसती, तर माझ्या भावासारखी माणसं तयारच झाली नसती.

मी विचारलं, आज फडकं घेऊन उभी होतीस, मग पुसलंस का काही?

"नाही, वन्सं. रोज पहिला पुतळा पुसते मी. आज हे म्हणाले, राहू दे, घरात दुःख आहे."

ज्या माणसानं स्वतःच्या आईच्या मरणाच्या दिवशीही तो पुतळा पुसून घेतला होता, त्याला आज दुःखात धूळ चालत होती.

४

सूनबाई खोलीत बॅग भरत होती. सासऱ्यानं तिला, समारंभाचे पाहुणे यायच्या आत माहेरी जा, असं सांगितलं होतं. आणि नवरा त्या वेळी दाराशी उभा राहून आपली नखं बघत होता, हेही तिनं सांगितलं. माझ्या मनात आलं, की या घरातली एकूण एक माणसं पोत्यात घालून बंदरावर जप्तीच्या मालात ठेवावीत.

ती रडत नव्हती. शंख परत मिळणार नाही, तेव्हा रडून काय, असं तिचं शास्त्रीय म्हणणं. ठिकऱ्या निदान हातात तरी घेऊन बघायला हव्या होत्या, म्हणाली. बाबांनी बघूच दिल्या नाहीत.

मी विचारलं, जातीला नाव कुणाचं देणार होतीस ते कुणाला ठाऊक होतं का.

"फक्त बाबांना. परवा जिन्यात त्यांनी विचारलं. आपलंच असणार असं धरून चालले होते. पाटीसुद्धा करायला टाकली होती. मी खरं ते सांगितलं, की तुमचं नाहीये."

"मग काय म्हणाला?"

"'छान' म्हणाले."

माझ्या भावानं उभ्या जन्मात स्वतःखेरीज कशालाच छान म्हटलेलं नाही. मी पदराची गाठ सोडून तो तुकडा तिच्या तळहातावर ठेवला. तिनं खिडकीशी नेऊन पाहिला, उलटा केला, परत सुलटा केला. मग ती पलंगावर बसली आणि इतक्या वेळात पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी तिला म्हटलं, बॅग राहू दे, आणि खाली चल.

५

दुपारी सगळ्यांना संग्रहालयात बोलावलं. भाऊ मधल्या खुर्चीत बसला, कारण ती मधली होती. माझा निकाल ऐकायला त्यानं चेहराही तयार करून आणला होता, क्षमाशील वगैरे.

मी म्हटलं, निकालाआधी एक शंका आहे. ओझेवाली शिंपले चिकटवते ते कसे? पाठ वर, की पोट वर?

प्राध्यापक तोंड उघडणार होते. मी हातानं त्यांना थांबवलं. भाच्याकडे पाहिलं, भावजयीकडे पाहिलं. दोघांच्या चेहऱ्यांवर उत्तर स्पष्ट होतं. भाऊ मात्र हसला. तज्ज्ञाला असलं काय विचारायचं, या थाटात.

"अर्थात पाठ वर. नक्षी आत घालून कोण लावील? गोगलगाईलासुद्धा तेवढी अक्कल असते, ताई."

भाच्यानं हळूच मान वर केली आणि बापाकडे पाहिलं. बहुधा आयुष्यात पहिल्यांदा.

मी तुकडा काचेवर ठेवला. सांगितलं, की सकाळी जे रडून समुद्रात बुडवलं गेलं त्यातला हा राहून गेलेला भाग. शिंपल्याची पाठ वर आहे. म्हणजे हा गोगलगाईनं लावलेला नाही, माणसानं लावला आहे. दुकानातल्या डिंकानं, दुकानातल्या पांढऱ्या शंखावर. खोटी ओझेवाली बनवून ती टाचेखाली चुरडली गेली, कारण गुडघ्याच्या उंचीवरून चटईवर पडून कशाचा भुगा होत नाही. खोटी कशाला बनवली, खरी नुसती का नाही पळवली? कारण चोरी झाली की लोक शोधतात. फुटली म्हटलं की नुसते हळहळतात आणि झाडू आणतात.

डिंक आणि शंख तर घरातल्या कुणालाही उचलता आले असते. पण काल जेवताना सूनबाईनं शिंपले उताणे असतात हे सांगितलं, तेव्हा भाच्यानं ते चमच्यांनी मांडून दाखवलं. प्राध्यापकांनी त्यावर तर्क लढवले. भावजयीनं ऐकलं, मी ऐकलं. यातल्या कुणीही खोटी बनवली असती, तर बरोबर बनवली असती. ही चूक फक्त त्याच्याच हातून होऊ शकत होती, जो त्या टेबलाशी बसला होता आणि ज्यानं काहीही ऐकलं नव्हतं. शंखांमध्ये जन्म गेला, पण एकाही शंखाची आतली बाजू ज्यानं कधी पाहिली नाही. त्याला वाटलं, सगळं जग आपली नक्षी बाहेर काढूनच बसतं.

"वेड लागलंय हिला," भाऊ म्हणाला. "आणि ती खरी कुठे आहे मग? माझ्या खिशात?"

मी दाराशी गेले. बंदरावर असताना पोकळ मूर्ती मी इतक्या उलट्या केल्या आहेत, की आता हाताला सवयच आहे. पुतळा छत्र्यांकडे बघत होता. जागेवर परत ठेवताना घाई झाली की असंच होतं. पुसताना तो हलला तर आत काहीतरी वाजेल, म्हणून आज धूळ चालणार होती. मी भाच्याला हाक मारली. दोघांनी मिळून सागररत्न आडवं केलं. आत, डोक्याच्या पोकळीत, त्याच्याच नावाच्या टॉवेलात गुंडाळलेली ओझेवाली होती. अखंड, कारण गोळा करणाऱ्याचा हात खरी फोडायला धजला नव्हता. तिच्या पाठीवरचे सगळे शिंपले उताणे, आपापल्या खोलगट वाट्या वर करून.

माझ्या भावाच्या डोक्यात निघालेली ही पहिलीच खरी वस्तू.

सूनबाईनं ती दोन्ही हातांत घेतली. भाऊ उभा राहिला होता. आता तो रडत नव्हता, आणि त्यामुळे पहिल्यांदाच त्याची थोडी दया यावी असा दिसत होता; मला आली नाही. हे घर कुणाचं, हे संग्रहालय कुणाचं, मग नाव दुसऱ्याचं का, असं तो विचारत राहिला. कुणाचं देणार होती ते तरी सर्वांसमोर सांग, म्हणाला.

"आईंचं," सूनबाई म्हणाली.

भावजय फडकं घेऊन कपाटाशी उभी होती. तिनं मागे वळून पाहिलं, जणू दुसरी कुणी आई तिथे असेल.

"हिचं?" भाऊ म्हणाला. "हिनं काय केलं? हिनं फक्त धुतले शंख."

भावजयीनं आपल्या हातांकडे पाहिलं आणि मग सुनेकडे.

"काल विचारलं असतंस तर मी नको म्हटलं असतं," ती म्हणाली. "आज नाही म्हणत."

समारंभ ठरल्याप्रमाणे झाला. भावानं एवढ्यावरून धडा घेतला असेल असं कुणाला वाटलं असेल, तर त्यानं आमचं घराणं पाहिलेलं नाही. पाहुणे जमले, ओझेवाली काचेत ठेवली, प्राध्यापकांनी नाव वाचून दाखवलं, आणि टाळ्या संपायच्या आत हा माइकपाशी पोचला. नवा सदरा, तोच क्षमाशील चेहरा. माझ्या पत्नीला घडवताना मी काय काय सोसलं, अशी सुरुवात केली. हाही शिंपला तो पाठीवर चिकटवून घेणार होता.

भावजय पहिल्या रांगेत बसली होती. कुणी बसवली ते ठाऊक नाही. मी तरी नाही. ती उठली नाही, आवाजही चढवला नाही.

"बसा आता," ती म्हणाली.

तो बसला. भाच्यानं माइक बंद केला. पुतळा मी आधीच परसात नेऊन ठेवायला लावला होता, नळाखालच्या दगडाशेजारी. त्यावर आता भावजय धुतलेली फडकी वाळत घालते.